मुलाकडची प्रत

मोईन सर फळ्यावर लिहायचे कमी आणि पुसायचे जास्त. तास सुरू झाला की ते या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब ओळ लिहीत आणि उरलेला वेळ त्या ओळीतलं काहीबाही पुसत राहत. डस्टर टेबलावर पडून असायचं. सर तळहाताच्या कडेने पुसायचे, कारण डस्टर म्हणे शेजारचंही सोबत नेतं. दुपारपर्यंत त्यांच्या उजव्या हाताची कड पांढरी झालेली असे आणि कॅन्टीनमधल्या चहाच्या कपालाही तो खडू लागे.

मला त्यांच्याबद्दल नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. एखाद्या माणसावर लिहायचं तर कुठून सुरुवात करतात, हे सांगणारं कोणी नव्हतं. सर अंबडचेच, घरी उर्दू बोलत, आम्हाला प्राणिशास्त्र शिकवत आणि तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जितके तास घ्याल तितकीच नोकरी, आणि जून आला की पुन्हा पहिल्यापासून मुलाखत. ज्या संस्थेत ते इतकी वर्षं शिकवत होते तिच्याच लोकांपुढे ते दर वर्षी नव्या माणसासारखे जाऊन बसत.

मी हे लिहिते आहे ते शीतलमुळे. शीतल माझ्याच गावची, माझ्याच बाकावरची. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला तिचं लग्न झालं आणि शिक्षण तिथेच थांबतं की काय, अशी वेळ आली. तेव्हा सरांनी जे केलं ते बरोबर होतं की चूक, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

जनुकांचा धडा आला तेव्हा आम्ही सगळे घाबरून होतो. पुस्तक इंग्रजी, शब्द तोंडात न बसणारे. त्या दिवशी सर जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पट्ट्या कापून घेऊन आले आणि प्रत्येकाला एकेक दिली. सगळ्यांच्या पट्टीवर तेच शब्द होते: बाबा, घरी, आले, नाहीत, म्हणून, आई, जेवली, नाही. शब्दांच्या मधल्या जागेत नुसत्या रेघोट्या. सर म्हणाले, ही जनुकाची कच्ची प्रत समजा, आरएनएची. पेशी ही अशीच्या अशी वापरत नाही. आधी रेघोट्या कापून टाकते आणि शब्द एकमेकांना जोडते. याला स्प्लायसिंग म्हणतात. पण सगळेच शब्द ठेवले पाहिजेत असं नाही, हवा तो गाळा. फक्त मागचा शब्द पुढे आणि पुढचा मागे करायचा नाही.

आम्ही कापत, चिकटवत बसलो. सर एकेकाची पट्टी घेऊन मोठ्याने वाचायला लागले. कुणाचं ‘बाबा घरी आले’, कुणाचं ‘बाबा आले नाहीत’. एका मुलाने ‘बाबा जेवली’ केलं आणि वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, असंही होतं. भलतीकडे जोडलं गेलं की निघालेलं प्रथिन कामाचं राहत नाही, कधी त्यातूनच माणसाला आजार होतो. आणि नीट जोडलं तर एकाच पट्टीतून किती वेगळ्या गोष्टी निघाल्या ते बघा. तोच जनुक, स्नायूच्या पेशीत त्याची प्रत एका तऱ्हेने कापली जाते, मेंदूच्या पेशीत दुसऱ्या तऱ्हेने, आणि दोन्हीकडे वेगळं प्रथिन तयार होतं.

शीतलची पट्टी हातात आली तेव्हा ते थांबले. तिने तीनच शब्द ठेवले होते: घरी आई नाही. शीतलची आई ती लहान असताना गेली, हे मला माहीत होतं, सरांना नव्हतं. त्यांनी ती पट्टी मोठ्याने वाचली नाही. घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि पुढच्या मुलाची मागितली. नंतर त्या गोष्टीचा त्यांनी कधी उल्लेख केला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून शीतल पहिल्या बाकावर बसायला लागली आणि तिच्यामुळे मीही.

पहिल्या बाकावरून शीतल प्रश्न विचारी. कोणता तुकडा ठेवायचा हे पेशीला सांगतं कोण, असं तिने एकदा विचारलं. सरांनी रेशमाच्या किड्याचं उदाहरण दिलं, कारण आमच्या भागात तुती लावून रेशीम करणारी घरं बरीच आहेत. त्या किड्यात एक जनुक असा आहे की त्याची कच्ची प्रत नरात आणि मादीत सारखीच निघते. मादीत मधले दोन तुकडे ठेवले जातात, नरात तेच दोन गाळले जातात. त्यावरून दोन वेगळी प्रथिनं होतात आणि पुढे शरीर नराचं घडायचं की मादीचं, ते त्यावर ठरतं. कापणारी यंत्रणा दोघांकडे आहे, पण तिच्या शेजारी कोणती मदतनीस प्रथिनं उभी आहेत त्यावर कापण्याची जागा बदलते. मग ते नेहमीचं बोलले, जे आम्हाला पाठ झालं होतं, “कापायच्या आधी विचारायचं बेटा, कोणासाठी?”

हे वाक्य पुस्तकातलं नव्हतं, दुकानातलं होतं. कोर्टाच्या रस्त्याला एका झेरॉक्सवाल्याच्या वर सरांची खोली होती. वडिलांपासून त्यांच्याकडे लग्नाच्या शूटिंगचं काम होतं आणि लग्नसराईत सर दुपारनंतर तिथे बसून व्हिडिओचं मिक्सिंग करत. मुलं त्यांना मागून मिक्सिंग सर म्हणत. सरांना ते माहीत होतं. एकदा हजेरी घेताना कुणीतरी ते हळूच म्हटलं, तर सर वर न बघता म्हणाले, “हजर.”

एका लग्नाच्या ते दोन प्रती करत. मुलाकडची आणि मुलीकडची. कच्चं शूटिंग एकच. मुलाकडच्या प्रतीत वरात लांब, मुलाच्या मामांचे फेटे, जेवणाच्या पंगती. मुलीच्या अंगणातलं सगळं गाळलेलं. मुलीकडच्या प्रतीत हळद, मैत्रिणी, पाठवणीचं रडणं, आणि वरात थोडक्यात. दोन्ही घरं आपापली प्रत बघून म्हणत की लग्न अगदी असंच झालं. सर म्हणायचे, दोघंही खरंच बोलतात.

आणि गाळलेलं ते पुसत नसत. मिक्सिंगवाले सहसा जागा करायला कच्चं शूटिंग उडवतात, सरांच्या कपाटात मात्र हार्ड डिस्कची चळत होती. एकदा मी आणि शीतल नोट्स आणायला गेलो तेव्हा हसनाबादकडचे एक म्हातारे तिथे बसले होते. त्यांचा धाकटा भाऊ वारला होता आणि घरात त्याचा चालता-बोलता असा एकही तुकडा नव्हता. भाचीच्या लग्नाच्या प्रतीत तो कुठेच नव्हता. सरांनी कच्चं काढलं आणि शोधत राहिले. बऱ्याच वेळाने मांडवाच्या कडेला तो सापडला. हातात पाण्याचा जग, पंगतीत कुणालातरी वाकून विचारतोय, अजून घ्या की. बस, तेवढंच. दोन्ही प्रतींतून गळालेलं. म्हाताऱ्यांनी ते किती वेळा लावायला सांगितलं याची गणती नाही. सर दर वेळी लावत होते. जिना उतरताना शीतल मला म्हणाली की हा माणूस कुणाला काही टाकून देऊ देणार नाही.

दिवाळीनंतर शीतलचं ठरलं. मुलगा वाटूरचा, गणेश नावाचा, शांत. शीतलच्या वडिलांना आम्ही नाना म्हणतो. आई नसलेल्या मुलीला किती दिवस सांभाळू, असं ते गावभर बोलत होते, त्यांना ते स्थळ चांगलं वाटलं. शीतलने एकच अट घातली, शिक्षण मधे तोडायचं नाही. साखरपुड्याला आमच्या गावातच, शीतलच्या अंगणात, मुलाचे वडील सगळ्यांसमोर हो म्हणाले, असं नाना सांगत. मुलाच्या वडिलांना सगळे आबा म्हणतात. मी तेव्हा आत ताटं भरत होते, मला ऐकू आलं नाही. शूटिंग सरांनीच केलं होतं.

लग्न झालं, शीतल वाटूरला गेली. परीक्षा तोंडावर आली तेव्हा सासूबाईंच्या फोनवरून तिचा फोन आला. ती फार हळू बोलत होती. सासूबाईंचा हात मोडला होता. आबांच्या शेडमध्ये रेशमाची बॅच लागली होती आणि नेमक्या परीक्षेच्या आठवड्यात अळ्या शेवटच्या टप्प्यात येणार होत्या. त्या टप्प्यात त्या इतकं खातात की घरातला प्रत्येक हात पाला तोडायला लागतो. शीतलने परीक्षेचं काढलं तर आबा म्हणाले, असं काही ठरलंच नव्हतं.

“मुद्दाम खोटं बोलून राह्यलेत असं वाटत न्हाई गं,” शीतल म्हणाली. “त्यांना खरंच आठवत न्हाई. मंग मी भांडू कशावर?”

नाना वाटूरला जाऊन आले. चहा घेऊन परत आले. मुलीच्या बापाने जास्त ताणायचं नसतं, एवढंच म्हणाले आणि पारावर जाऊन बसले.

मी सरांना प्रयोगशाळेत गाठलं. ते सूक्ष्मदर्शकाचं भिंग पुसत होते. मी म्हटलं, तुमच्याकडे शूटिंग आहे, त्यात आबांचं बोलणं असेल, तुम्ही चला. सर भिंग पुसत राहिले, पुसून झालं तरी पुसत राहिले.

“बेटा, माझं नाव बघ,” ते म्हणाले. “मी तिच्या सासरी जाऊन सुनेच्या वतीनं बोलू? माझं जाऊ दे. माझ्या मागं तिला काय काय ऐकावं लागंल, त्याचा विचार केलास?”

मी केला नव्हता. दुसरीही गोष्ट होती, जी ते बोलले नाहीत पण मला माहीत होती. आबांचे धाकटे भाऊ, अण्णा, आमच्या कॉलेजच्या संस्थेवर होते. जूनमध्ये मुलाखतीला जे समोर बसतात त्यांतले एक. मी घरी गेले. त्या दिवशी मला सरांचा राग आला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आणि नानांना दुकानात बोलावलं. पडद्यावर शीतलचं अंगण होतं. मधे खुर्चीवर आबा, हातात पानसुपारीचं ताट, मान वर करून म्हणत होते, “सूनबाई परीक्षा देईल. मी सोता गाडीनं आणून सोडंन.” आणि मागोमाग टाळ्या. नानांनी डोळ्यांना उपरणं लावलं.

लग्नाची मुलाकडची प्रत अजून द्यायची राहिली होती. आमच्याकडे ती पहिल्यांदा बघायची म्हणजे भावकीला बोलावून, सगळ्यांनी मिळून बघायची. सर म्हणाले, मी काही बोलायला जाणार नाही. मी प्रत द्यायला जाईन. ते माझं कामच आहे.

आधी त्यांनी आमच्या मनासारखी प्रत केली. नाना आणि मी सांगत गेलो, ते कापत गेले. आबांचं वाक्य, मग पाठवणीला रडणारी शीतल, मग पुन्हा आबांचं वाक्य. मी म्हटलं, आता कळेल त्यांना.

सरांनी ती दोनदा पाहिली. मग म्हणाले, “हे बघून माणूस मान खाली घालंल. भावकीसमोर मान खाली घातलेला माणूस उद्या घरात कोणावर राग काढंल?”

त्यांनी ती बाजूला ठेवली आणि कच्चं शूटिंग पहिल्यापासून बघायला घेतलं. मी कॉलेज करून येई तेव्हा ते तिथेच बसलेले असत, कानावरचे हेडफोन गळ्यात. ते आबांना शोधत होते. मांडवात आपल्या म्हाताऱ्या आत्याबाईंच्या चपला उचलून त्यांच्या पायाशी ठेवणारे आबा. वाजंत्रीवाल्यांना आधी वाढा म्हणून पंगत थांबवणारे आबा. गणेशच्या डोक्यावरून अक्षता झटकणारे आबा. आणि मग अंगणातलं ते वाक्य, पूर्ण आवाजात, आणि टाळ्या. मधे कापायचं कसं, गाळलेलं परत आणायचं कसं, हे त्यांनी मला तेव्हाच दाखवलं. प्रत पूर्ण झाली तेव्हा मी त्या माणसाला ओळखलं नाही. आठवडाभर मी ज्याला मनातल्या मनात शिव्या देत होते तोच होता, आणि एकही चित्र बाहेरून आणलेलं नव्हतं.

पेपरला आठवडा उरला होता. रविवारी सर, नाना आणि मी एसटीने वाटूरला गेलो. आबांनी सरांना आधी शेडमध्ये नेलं. तुतीच्या पाल्यावर अळ्यांच्या खाण्याचा, पाऊस पडल्यासारखा आवाज येत होता. नराच्या कोषाला धागा जास्त निघतो, आबा सांगत होते, आणि सर मान हलवत ऐकत होते. शीतल पाल्याचा भारा घेऊन आली. तिने सरांकडे पाहिलं आणि भारा खाली ठेवला. तिचे हात हिरवे झाले होते.

दुपार उतरताना बैठकीची खोली भरली. अण्णा कॉटवर, नाना कोपऱ्यात, आत्याबाई खाली भिंतीला टेकून, बायका स्वयंपाकघराच्या दारात. मी शीतलजवळ उभी होते. सरांना खुर्ची दिली होती, पण ते टीव्हीशेजारी उभेच राहिले. गणेशने पेनड्राइव्ह लावला.

वरात आली, फेटे आले, लोक एकमेकांना ओळखून हसत होते. मग पडद्यावर शीतलचं अंगण आलं. अण्णांनी लगेच मान वळवली.

“मास्तर, मुलाकडच्या प्रतीत मुलीचं अंगण कसं काय आलं?”

शीतलने माझं मनगट धरलं. सर अडखळतील असं मला वाटलं.

“आबा तिथं होते ना अण्णासाहेब,” सर म्हणाले. “आबा जिथं असतील ते मुलाकडचंच.”

कुणीतरी हसलं. आणि तेवढ्यात पडद्यावर आबा बोलले. सूनबाई परीक्षा देईल. मी सोता गाडीनं आणून सोडंन. टाळ्या वाजल्या. पुढे पंगत सुरू झाली, पण खोलीत कोणी पंगत बघत नव्हतं. सगळे आबांकडे बघत होते. आबा टीव्हीकडे बघत होते. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, मान दिसत होती, आणि ती मान ताठ झाली होती. अण्णा सरांकडे बघत होते. ती नजर मी विसरणार नाही.

आत्याबाई म्हणाल्या, “असं बोलला व्हय रं तू?”

आबांनी गणेशला हात केला. “मागं घे जरा.”

गणेशने मागे घेतलं. पुन्हा चपला, पुन्हा वाजंत्री, पुन्हा ते वाक्य, पुन्हा टाळ्या. आबांनी मिशीवरून हात फिरवला.

“बोललो तर,” ते म्हणाले. “चारचौघांत बोललो.” मग मागे न वळता, दाराकडे आवाज टाकून, “सूनबाई, पेपर कवा हाय तुझा?”

शीतलने मला पुढे ढकललं. मी पेपरचा दिवस सांगितला.

परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसले. त्यांनी बाटली उघडून सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं. अंबड जवळ आल्यावर त्यांनी एकदाच विचारलं, “खोटं तर काही घातलं न्हाई ना मी?” मी म्हटलं, बिलकुल न्हाई. ते पुन्हा बाहेर बघायला लागले.

पेपरच्या दिवशी आबांची पिकअप गेटपाशी थांबली. मागे पाल्याच्या काड्या अजून पडलेल्या होत्या. आबा स्वतः चालवत आले होते. कॉलेजने सरांना त्या परीक्षेत पर्यवेक्षणाला घेतलं नव्हतं, कारण सांगितलं नव्हतं. सर रस्त्यापलीकडे रसवंतीच्या सावलीत उभे होते. शीतल आत गेली तसे ते निघून गेले. प्रत्येक पेपरला तसेच उभे असायचे आणि तसेच जायचे.

जूनमध्ये त्यांना मुलाखतीचं बोलावणं आलं नाही.

निकाल लागला. शीतलला प्रथम श्रेणी मिळाली. आबांनी वाटूरला पेढे वाटले. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते ती प्रत लावून दाखवतात आणि त्या वाक्याला आवाज वाढवायला सांगतात, असं शीतल फोनवर हसत सांगत होती. मी एम.एस्सी.चा अर्ज भरत होते. तिला म्हटलं, तुझाही भरू का. ती हसायची थांबली. म्हणाली, जेवढं ठरलं होतं तेवढं झालं, आता पुढचं काढलं तर म्हणतील बोट दिलं तर हात धरती. अटीत तिने शिक्षण म्हटलं होतं. परीक्षा हा शब्द आबांचा होता. ती स्वतः तेव्हा माजघराच्या दारामागे होती, पण आबा नेमकं काय बोलले ते लग्नाच्या गडबडीत तिलाही आता धड आठवत नव्हतं. तिने वाटूरला ती प्रत इतक्या वेळा पाहिली होती की तिला आता तीच आठवत होती.

पेढे घेऊन मी दुकानात गेले. सर सामान बांधत होते. परभणीकडच्या एका शाळेत त्यांना काम मिळालं होतं. हार्ड डिस्क जुन्या चादरीत गुंडाळून ठेवल्या होत्या, संगणक तेवढा अजून जोडलेला होता. मी शीतलचं सांगितलं. सरांनी एक डिस्क चादरीतून काढली आणि लावली.

तेच अंगण. तेच आबा, तेच ताट. “सूनबाई परीक्षा देईल. मी सोता गाडीनं आणून सोडंन.” मी टाळ्यांची वाट बघत होते. टाळ्या आल्या नाहीत. आबांनी श्वास घेतला आणि म्हणाले, “आन पुढं शिकायचं म्हणली तर पुढं बी शिकंल, माझी ना न्हाई.” मागे माजघराचं दार किलकिलं झालं, त्यातून शीतलचा चेहरा दिसला, हात तोंडावर, डोळे हसणारे. आणि मग टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या या वाक्याच्या होत्या.

सरांनी क्रम बदलला नव्हता. मधलं एक वाक्य गाळलं होतं.

मी म्हटलं, “सर, तुम्ही काढलंत हे?”

“काढलं,” सर म्हणाले. “त्या दिवशी शेडमध्ये अळ्या, बाईचा हात मोडलेला, समोर भावकी. एवढं सगळं एकदम मागितलं असतं तर ते परीक्षेलाही न्हाई म्हणाले असते, असं मला वाटलं. नसते बी म्हणाले. मला काय माहीत? तुम्हाला दाखवायच्या आधीच मी अंदाजानं कापलं.”

“तिला सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर तिनं मागितलं असतं. ती मागितल्याशिवाय राहत न्हाई, तुला माहीत आहे.” त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. “हे मी ठरवायला नको होतं कदाचित. पण ठरवलं.”

मला त्यांचा राग आला होता आणि मला रडूही येत होतं, आणि यातलं कुठलं खरं ते मला कळत नव्हतं. अर्जाची मुदत अजून चार-सहा दिवस होती. पडद्यावर शीतल दारात तशीच थांबली होती, तोंडावर हात ठेवून.

बाहेर अजान झाली. सर खुर्चीतून उठले आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. “मी नमाज पढून येतो,” म्हणाले. “जल्दी नको करू. दोन्ही प्रती आहेत, कच्चंही आहे. तुला जे बराबर वाटंल ते.”

ते जिना उतरले. मी खिडकीतून खाली पाहिलं. दोन एसट्यांच्या मधून वाट काढत सर रस्ता ओलांडत होते, डोक्यावर रुमाल बांधत. वर बघतील असं मला वाटलं. त्यांनी पाहिलं नाही. गल्लीच्या वळणावर एका रिक्षाला वाट द्यायला ते भिंतीला टेकले आणि मग दिसेनासे झाले. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

मी खुर्ची पुढे ओढली. मुलाकडची प्रत उघडली आणि ते मधलं वाक्य त्याच्या जागी ठेवलं. दारातली शीतलही ठेवली. मग पहिल्यापासून लावून पाहिली. आबा जास्तच चांगले दिसत होते. नवी प्रत टेबलावरच्या पेनड्राइव्हवर घेतली, तो मी ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधला, पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला, आणि वाटूरच्या गाडीची वेळ विचारायला स्टँडकडे निघाले.